केबल-डिश बंद करून इंटरनेटवर टीव्ही: आई-वडिलांच्या घरी हे बसवताना काय काय करावं लागतं

कऱ्हाडच्या घरी आमच्याकडे दहा-अकरा वर्षं डिशची छत्री होती. दर महिन्याचा रिचार्ज मी पुण्यातून करायचे. जोराचा पाऊस आला की पडद्यावर ‘सिग्नल नाही’ यायचं आणि आईचा फोन यायचा. गेल्या वर्षी छत्री काढून सगळं इंटरनेटवर आणायचं ठरवलं. दोन दिवसांचं काम वाटलं होतं, लागले दोन महिने. त्यातला बराच वेळ कामांचा क्रम चुकल्यामुळे गेला. यंत्र आधी घेतलं, इंटरनेट नंतर, आणि आई रोज काय बघते हे सर्वांत शेवटी विचारलं. नेमकं उलटं करायला हवं होतं. तुमच्या घरी, विशेषतः वयस्कर माणसांच्या घरी हे करायचं असेल, तर खालच्या क्रमाने जा.

आधी एक गोष्ट समजून घ्या, पुढचं बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे. उपग्रहावरून येणारा सिग्नल सगळ्यांना एकच असतो. एक घर बघो की एक कोटी घरं, तो तसाच येतो. म्हणून तिथे अडचण येते ती पावसाची, ढगांची, छत्रीचा कोन हलल्याची. इंटरनेटवर मात्र तुम्ही बटण दाबल्यावर कार्यक्रम खास तुमच्या घरासाठी निघतो. तो काही सेकंदांच्या तुकड्यांमध्ये येतो, थोडा साठवला जातो आणि मग दिसतो. लाइन मंदावली की चित्र आधी धूसर होतं, नंतर ते गोल चक्र फिरू लागतं. थेट सामना छत्रीपेक्षा साधारण अर्धा मिनिट मागे दिसतो, तोही याच साठवण्यामुळे. शेजारी केबल असेल तर विकेट पडल्याचा आरडाओरडा तुम्हाला आधी ऐकू येईल आणि चेंडू नंतर दिसेल. हा बिघाड नाही, याला उपायही नाही. क्रिकेटवेड्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा.

१. आठवडाभर वहीत लिहा

टीव्हीजवळ एक वही ठेवा. सात दिवस, कोण, किती वाजता, काय बघतं ते लिहा. आठवून सांगायला लावू नका, आठवून सांगितलेलं चुकतं. आई म्हणाली होती, ‘मी दोनच सिरियली बघते.’ वहीत पाच निघाल्या. शिवाय सकाळचा भक्तिगीतांचा कार्यक्रम आणि दुपारी पोळ्या झाल्यावर लावलेला एखादा जुना सिनेमा. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या रकान्यात संध्याकाळी सातच्या बातम्या, क्रिकेट आणि आषाढी एकादशीला पहाटे पंढरपूरची शासकीय महापूजा.

यादी झाली की सध्याचं बिल समोर घ्या. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या फेब्रुवारी २०१९ पासूनच्या नियमांनुसार केबल आणि डिशच्या बिलाचे दोन भाग असतात. एक नेटवर्कचं भाडं आणि दुसरा तुम्ही निवडलेल्या पैशाच्या चॅनलांचा. चॅनल सुटं घेता येतं, पॅकच घ्यायला हवा असं नाही. तुमच्या यादीत सहा चॅनल असतील आणि पैसे साठ चॅनलांचे जात असतील, तर आधी पॅक बदलून बघा. काही घरांचा प्रश्न तिथेच सुटतो. घरात इंटरनेट नाही, कुणाला त्याची गरजही नाही, आणि रोज तेवढ्या पाच मालिका बघायच्या आहेत, अशा घरी डिशच ठेवा. मी माझ्या मावशीला हेच सांगितलं.

२. इंटरनेटची लाइन

या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, म्हणून यावर वेळ घालवा.

वेग किती हवा? दुकानदार आणि एजंट १०० किंवा २०० एमबीपीएस घ्यायला सांगतील. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की साध्या एचडीला ३, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. घरात एक टीव्ही आणि दोन फोन असतील तर ३० किंवा ४० एमबीपीएसचा प्लॅन भरपूर झाला. फायबरचे (म्हणजे काचेच्या पातळ वायरीतून येणाऱ्या इंटरनेटचे) असे प्लॅन साधारण ४०० ते ५०० रुपयांपासून मिळतात. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तेव्हा ३९९ चे ४७१ होतात आणि ४९९ चे ५८९. तुलना नेहमी करासकट आकड्यांची करा.

डेटा किती लागेल? फुल एचडीत एका तासाला साधारण ३ जीबी धरा. रोज चार तास टीव्ही चालला तर महिन्याला ३६० जीबी. ‘अमर्याद’ म्हणवणाऱ्या घरगुती फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा लिहिलेली असते, तिथे काळजी नाही. छतावर यंत्र बसवून देतात त्या ५जी जोडणीत ही मर्यादा बऱ्याचदा १,००० जीबी असते, तीही पुरते. पुरत नाही तो फोनचा दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक. त्याच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. पहिली मालिका संपेपर्यंत दिवसाचा डेटा संपतो.

फायबर घ्यायचं की ५जी? घरापर्यंत फायबर येत असेल तर फायबरच घ्या. ५जीचा वेग टॉवरवर गर्दी झाली की पडतो, आणि गर्दी होते ती रात्री आठ ते दहा, म्हणजे मालिकांच्याच वेळी. वाडी-वस्तीवर फायबर पोचलंच नसेल तर ५जी चालेल, पण घ्यायच्या आधी त्याच कंपनीचं ५जी सिम असलेला फोन घेऊन रात्री नऊ वाजता घराच्या गच्चीवर उभे राहा आणि वेग मोजा. दुपारी मोजलेल्या वेगाचा उपयोग नाही.

आता कंपनी कोणती, हा प्रश्न. माझं मत विचाराल तर ज्याचा माणूस लाइन तुटल्यावर येतो, ती कंपनी. आमच्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरच्या वायरी ओढून नेतात. फायबर तुटायचं ते तुटणारच. आम्ही आधी एका मोठ्या कंपनीची जोडणी घेतली होती. डिसेंबरात वायर तुटली तेव्हा तक्रार क्रमांकावर तक्रार क्रमांक मिळत गेले आणि नऊ दिवस कुणी आलं नाही. शेवटी आमच्या जुन्या केबलवाल्याकडूनच इंटरनेट घेतलं. त्याचा मुलगा गावातच राहतो आणि दोन-तीन तासांत शिडी घेऊन येतो. तुमच्याकडे याच्या उलटही असू शकेल. म्हणून आळीतल्या चार घरांत जाऊन एकच प्रश्न विचारा, ‘मागच्या वेळी नेट गेलं तेव्हा किती दिवसांनी आलं?’

जोडणीला लागणारी कागदपत्रं फार नाहीत. आधार किंवा दुसरं ओळखपत्र, घराचा पत्ता सिद्ध करणारं वीजबिल, एखादा फोटो आणि मोबाइल नंबर. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी. मोबाइल नंबर मात्र घरात राहणाऱ्या माणसाचा द्या. मी माझा दिला, आणि लाइनमन दारात उभा असताना ओटीपी पुण्यात माझ्या फोनवर आला. मी तेव्हा मीटिंगमध्ये होते.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारून घ्या आणि पावतीवर लिहून घ्या:

- राउटर (घरात वायफाय देणारं यंत्र) तुमच्या मालकीचा की परत करायचा? अनामत असेल तर ती परत मिळते का?
- जोडणीचे वेगळे पैसे किती?
- घर बदललं किंवा मध्येच बंद केलं तर काय?

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत देतात. पहिले दोन महिने ती सवलत घेऊ नका. लाइन कशी चालते ते आधी बघा.

३. टीव्ही आणि त्याला लावायचं यंत्र

टीव्हीच्या मागे बघा. एचडीएमआयची खाच असेल तर जुना टीव्हीही चालतो. त्यात फायर टीव्ही किंवा गूगल टीव्हीसारखी कांडी खोचली की टीव्ही स्मार्ट होतो. साधारण तीन ते साडेपाच हजारांत ही मिळते. स्मार्ट टीव्ही पाच-सहा वर्षांचा झाला असेल आणि अॅप उघडायला रडत असेल, तर नवा टीव्ही घेऊ नका, त्याच्यावरच कांडी लावा. टीव्हीच्या आतला संगणक पडद्याच्या बराच आधी म्हातारा होतो, आणि काही अॅप जुन्या मॉडेलांवर चालणं बंदही होतं.

मागे फक्त लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असलेला जुना जाड टीव्ही असेल तर रूपांतर करणारी डबी मिळते, पण त्यावर अॅपमधली अक्षरं वाचता येत नाहीत. तिथे पैसे घालवू नका.

बाजारात दीड-दोन हजारांना बिननावाचे अँड्रॉइड डबे मिळतात. दिसायला तेच वाटतात, पण घेऊ नका. पैसे घेणारी अॅप चित्र पाठवण्याआधी यंत्राकडे वाइडवाइन नावाच्या सुरक्षाव्यवस्थेची कोणती पातळी आहे ते तपासतात. वरची पातळी, म्हणजे एल-१, नसेल तर एचडीचे पैसे भरूनही चित्र धूसरच येतं, आणि नेटफ्लिक्स तर काही डब्यांवर चालतच नाही. लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात, दोष डब्याचा असतो.

एकंदर सामान असं: कांडी आणि तिचा स्वतःचा अडॅप्टर, टीव्हीमागे जागा अडचणीची असेल तर एचडीएमआयची छोटी जोडवायर, चांगली एक्स्टेंशन पट्टी, रिमोटचे जादा सेल, आणि राउटर जवळ असेल तर लॅन केबल, म्हणजे राउटरपासून इंटरनेट आणणारी वायर.

कांडीला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. वायर कमी दिसते म्हणून बसवणारे तसंच जोडून जातात, पण जुन्या टीव्हीच्या यूएसबीतून पुरेशी वीज येत नाही. मग कांडी मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. अडॅप्टर भिंतीतल्या प्लगलाच लावा.

४. राउटर कुठे ठेवायचा

लाइनमन राउटर दाराजवळ बसवतो, कारण तिथून त्याची वायर आत येते. त्याला थांबवा. राउटर टीव्हीच्याच खोलीत हवा. कऱ्हाडच्या घराच्या भिंती दगडी आहेत. एका भिंतीपलीकडेच वायफायचा वेग निम्म्यावर आला होता. दहा मीटर जास्तीच्या वायरीचे पैसे द्या, ते वसूल होतात.

राउटर दोन नावांचे वायफाय देतो, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं. नावाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेलं असलं तरी त्याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही. त्याच खोलीत टीव्ही असेल तर ५ वालं निवडा, भिंतीपलीकडे असेल तर २.४ वालं. टीव्हीला लॅनची खाच असेल आणि राउटर शेजारीच असेल तर सरळ वायरच लावा. अडकण्याचा प्रश्नच मिटतो.

फायबरची पातळ वायर दाराच्या फटीत दाबली जाणार नाही, तिला काटकोनात बाक येणार नाही, एवढं बघा. आत काच असते. राउटरवर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे बाहेरची लाइन तुटली किंवा सुटली. हे घरच्यांना दाखवून ठेवा. फोनवर ‘नेट चालत नाही’ म्हणण्याऐवजी ‘लाल दिवा लागलाय’ सांगितलं की लाइनमन थेट खांबाकडे जातो.

५. कुठलं चॅनल कुठे मिळतं

आता ती वही उघडा. एकाच अॅपवर सगळं मिळेल ही अपेक्षा सोडा. इंटरनेटवर नंबर दाबून चॅनल बदलत नाही, दुकान बदलावं लागतं.

झी मराठीच्या मालिका झी-५ वर आहेत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन अॅप १४ फेब्रुवारी २०२५ ला एक झाली, त्यामुळे जुन्या नावांनी शोधत बसू नका. सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. आयपीएलचे डिजिटल हक्क २०२७ पर्यंत जिओहॉटस्टारच्याच घरात आहेत.

आता फुकटातलं, आणि ते बरंच आहे. मराठी बातम्यांची बहुतेक चॅनल, एबीपी माझा, टीव्ही ९ मराठी, झी २४ तास, साम टीव्ही, यूट्यूबवर चोवीस तास थेट चालू असतात. आमच्या अण्णांचा निम्मा टीव्ही यूट्यूबवरच भागला. आषाढीची महापूजाही त्यांनी तिथेच पाहिली. दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्ज नावाचं अॅप आहे, २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. त्यावर दूरदर्शनची चॅनल थेट दिसतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हापासून टीव्ही बघणारी पिढी अजून घराघरात आहे, आणि सह्याद्री दिसणार का हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. दिसतं, हे सांगून टाका.

यादीतली प्रत्येक ओळ कुठल्या अॅपवर आहे ते पेन्सिलने लिहा. आमच्याकडे सोळा ओळींपैकी नऊ फुकटात निघाल्या आणि उरलेल्या सात दोन अॅपांवर बसल्या. याचा अर्थ पैसे फक्त दोन ठिकाणी भरायचे होते. आधी मी पाच अॅपांचे भरणार होते.

६. पैसे भरताना

स्वस्तातला प्लॅन पाहून लगेच बटण दाबू नका. ‘मोबाइल’ नावाचा प्लॅन फोनवरच चालतो, टीव्हीवर नाही. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन असाच आहे. भरताना ‘टीव्हीवर चालतो’ हे शब्द शोधा. इंटरनेटच्या किंवा मोबाइलच्या रिचार्जबरोबर फुकट मिळणारी सदस्यताही पुष्कळदा अशीच फक्त फोनपुरती असते.

पुण्यातल्या तुमच्या खात्यावर कऱ्हाडचा टीव्ही चालेल असंही धरू नका. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एक खातं एका घरापुरतं केलं आहे. आणि पैसे भरले म्हणजे जाहिराती नाहीत, हेही आता खरं नाही. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती येतात, त्या नको असतील तर वेगळे पैसे पडतात.

वर्षाचा प्लॅन महिन्याच्या हिशोबाने स्वस्त पडतो, पण तो फक्त त्या अॅपचा घ्या ज्यावरची मालिका घरात रोज बघितली जाते. क्रिकेटसाठी, एखाद्या सिनेमासाठी महिन्यापुरतंच घ्या आणि सोडा.

सोडणं हे स्वतंत्र काम आहे, हे मला दोनदा पैसे गेल्यावर कळलं. टीव्हीवरून अॅप काढून टाकलं तरी सदस्यता चालूच राहते. यूपीआयने पैसे भरताना ‘ऑटोपे’ला होकार दिलेला असतो आणि पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, पण तो संदेश बाकीच्या गर्दीत हरवतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दरवेळी ओटीपी लागत नाही. म्हणून सदस्यता घेतली त्याच दिवशी यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेचा भाग उघडा आणि नको ते तिथेच बंद करा. भरलेल्या मुदतीपर्यंत बहुतेक अॅप चालू राहतात. गूगल प्लेमधून पैसे भरले असतील तर तिथल्या सदस्यतांच्या यादीतून रद्द करावं लागतं.

माझ्याकडे आता एक साधा तक्ता आहे. अॅपचं नाव, कुणाच्या नंबरवर खातं, कधी भरले, कधी संपतं. तो टीव्हीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

७. रिमोट हातात देणं

यातलं शेवटचं जोडकाम मी एका शनिवार-रविवारी उरकलं आणि पुण्याला परतले. मंगळवारी आईने सांगितलं, ‘टीव्ही बंदच आहे गं, असू दे.’ तिने दोन दिवस काही पाहिलंच नव्हतं. आणि मला फोन करायचा तिला संकोच वाटत होता.

चूक तिची नव्हती. दहा वर्षं तिचं बोट एका नंबरावर जात होतं. नंबर दाबला की मालिका सुरू. चुकीच्या वेळी लावलं तरी काहीतरी चाललेलं असायचंच. आता टीव्ही लावला की चित्रांच्या रांगा समोर येतात आणि तिने काहीतरी निवडावं अशी अपेक्षा असते. तिथे आपणहून काही चालू नसतं. शिवाय टेबलावर टीव्हीचा एक रिमोट आणि कांडीचा दुसरा. आवाज कुठल्याने वाढवायचा, बंद कुठल्याने करायचं?

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले आणि हे केलं. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

दोन रिमोटचा एक करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय असते. सॅमसंगमध्ये तिचं नाव एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ती चालू केली की कांडीच्या रिमोटने टीव्हीही सुरू-बंद होतो. आवाजाची बटणं कांडीच्या सेटिंगमधून जोडून घ्या. मग टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्या, समोर ठेवूच नका.

पहिल्या पानावरचं सगळं नको ते काढा. लागणारी चार अॅप पहिल्या रांगेत, तीही वापराच्या क्रमाने. आईसाठी पहिलं मालिकांचं, अण्णांसाठी दुसरं यूट्यूब. बाकीची अॅप उडवता येतील ती उडवा, उडत नसतील ती शेवटी ढकला.

प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा आणि त्यात ज्याच्या-त्याच्या मालिका आवडीच्या यादीत टाका. एक-दोन दिवस बघितलं की ‘पुढे पाहा’ची रांग आपोआप वर येते आणि अर्ध्याहून जास्त काम तीच करते. यूट्यूबवर बातम्यांची चॅनल सबस्क्राइब करून ठेवा, नाहीतर शोधताना ‘लाइव्ह’ लिहिलेल्या भलत्याच जुन्या चित्रफिती समोर येतात.

नातवंडं घरात येत असतील तर मुलांचं प्रोफाइल आणि वयाचं कुलूपही लावा. २०२१ च्या सरकारी नियमांनी कार्यक्रमांवर ७, १३, १६ वर्षांवरील असे शिक्के सक्तीचे केले आहेत, आणि १३ वर्षांवरच्या वर्गापासून पुढे अॅपला कुलपाची सोय द्यावीच लागते. पिन आजी-आजोबांना सांगा.

मग शिकवा, पण तुम्ही करून दाखवू नका. रिमोट तिच्या हातात द्या, तुम्ही हात मागे बांधून बसा. मी आईला तीनच बटणं शिकवली: घराचं चित्र असलेलं, मधलं गोल आणि मागे जायचं. ‘कुठेही अडकलीस तर घर दाब.’ या एका वाक्याने तिची भीती गेली, कारण काही बिघडेल ही धास्ती होती तीच मोठी होती. माइकचं बटण दाबून मालिकेचं नाव उच्चारलं की ती सापडते, हे तिला चौथ्या दिवशी दाखवलं. पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर गोंधळ वाढला असता. एका कागदावर मोठ्या अक्षरात या तीन पायऱ्या लिहून टीव्हीखाली ठेवल्या. कागद दोन आठवड्यांनी तिनेच काढून टाकला.

मालिका आता सातलाच बघायला हवी असं नाही, हेही आवर्जून सांगा. नवा भाग आला की तो तिथेच राहतो. पाहुणे आले म्हणून भाग चुकला, देवळात उशीर झाला म्हणून चुकला, हे आता होत नाही. आईला या सगळ्या बदलातलं हेच मनापासून आवडलं. अण्णांना मात्र सातच्या बातम्या सातलाच हव्या असतात.

८. लाइट गेली तर

इन्व्हर्टर असेल तर टीव्हीबरोबर राउटरचा प्लगही त्याच्यावर आहे का ते तपासा. आमच्याकडे टीव्ही होता, राउटर नव्हता. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर वीज देणारी बॅटरी मिळते. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे बघा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण अँपिअर १ आहे की २ ते वेगळं असतं. यूपीएस तेवढे किंवा जास्त अँपिअर देणारा हवा, पिनही बसायला हवी.

लाइट परत आल्यावर राउटर सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. तोवर कुणी सेटिंगला हात लावायचा नाही, हा नियमच करून टाका. आणि तुमच्याकडे वीज असूनही इंटरनेटवाल्याच्या केबिनमधली वीज गेली असेल तर नेट येणार नाही. तास-दोन तास भारनियमन रोजचंच असेल तर जोडणी घेण्याआधी त्याच्याकडे बॅटरी आहे का ते विचारा.

डोंगराळ किंवा वारंवार लाइन तुटणाऱ्या भागात राहत असाल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश जोडीला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदाच छत्री आणि डब्याचे पैसे, महिन्याचा खर्च शून्य. सह्याद्री त्यावर आहेच, खासगी चॅनल लिलावानुसार बदलत राहतात. जुनी छत्री काढायच्या आधी तीच वापरता येते का ते स्थानिक मेकॅनिकला विचारा.

९. फसवणुकीच्या जागा

टीव्हीवर अॅप पहिल्यांदा उघडलं की एक आकडा किंवा चौकोनी कोड दिसतो, तो फोनवर टाकायचा असतो. पडद्यावर जो पत्ता लिहिलाय तोच हाताने टाका किंवा कोड स्कॅन करा. ‘टीव्ही अॅक्टिव्हेट कसा करायचा’ असं गूगलवर शोधलंत तर नकली पानं आणि नकली ग्राहकसेवा नंबर समोर येतात. पलीकडचा माणूस गोड बोलून फोनवर स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगतो आणि खात्यातले पैसे जातात. कुठलंही टीव्ही अॅप सुरू करायला पैसे लागत नाहीत, पैसे फक्त सदस्यतेचे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

‘पाचशे रुपयांत वर्षभर सगळी चॅनल, सगळी अॅप’ म्हणणारा माणूसही भेटेल. ते चोरीचं प्रक्षेपण असतं. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्याचं अॅप बाहेरून टाकावं लागतं आणि तुमची यूपीआय ज्या वायफायवर चालते त्याच वायफायवर ते बसतं. ऐन सामन्याच्या दिवशी ते बंद पडतं, आणि तक्रार करायला कुणी नसतं.

१०. महिनाभर दोन्ही चालू ठेवा, मग जुनं बंद करा

नवं नीट चाललं म्हणून दुसऱ्या दिवशी छत्री काढू नका. एक महिना दोन्ही ठेवा. डिशच्या एका महिन्याचे पैसे जास्त जातील, जाऊ द्या. या महिन्यात वही पुन्हा टीव्हीजवळ ठेवा आणि जुना रिमोट कोणी, कशासाठी उचलला ते लिहा. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात अकरा वेळा उचलला गेला, चौथ्यात एकदा, तोही लाइन तुटली होती म्हणून. तुमच्याकडे चौथ्या आठवड्यातही रोज उचलला जात असेल तर थांबा, कारण शोधा. बहुतेक वेळा एखादा कार्यक्रम यादीतून सुटलेला असतो.

बंद करताना फक्त रिचार्ज थांबवून सोडू नका. जोडणी बंद करायची विनंती लेखी किंवा अॅपवरून द्या आणि विनंतीचा क्रमांक जपून ठेवा. डबा भाड्याचा असेल तर तो, रिमोट आणि अडॅप्टर परत द्या, अनामत असेल ती मागा आणि डबा दिल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या. केबलवाल्याकडे डबा नुसता ठेवून येऊ नका. आमच्या शेजारच्या काकूंना सहा महिन्यांनी थकबाकीचा फोन आला होता आणि त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता. डबा विकत घेतलेला असेल तर तो तुमचाच आहे, कपाटात ठेवा. छत्री काढताना गच्चीत पडलेली भोकं सिमेंटने बुजवून घ्या. आम्ही ते राहू दिलं आणि जुलैत छताला ओल आली.